समोरच्या दुकानातला कोट

ही गेली त्या दुपारी मी गणवेशाचं कापड कापत होतो. निळ्या कापडाचे थर एकावर एक लावलेले, वर खडूच्या खुणा. अशा वेळी मी कोणाशी बोलत नाही. कात्री मध्येच थांबली की कड वाकडी येते. दारात कोणीतरी उभं राहिलं आणि टेबलावरचा उजेड गेला. मान वर न करताच मी म्हणालो, "बाजूला व्हा जरा. उजेड सोडा."

"दादा, वहिनी पडल्यात."

बघतो तर समोरचा. समोरचा म्हणजे रस्त्यापलीकडचा रफूवाला. माझ्यासमोर दुकान लावून त्याला काही वर्षं झाली होती, पण माझ्या उंबऱ्यावर त्याने कधी पाय ठेवला नव्हता आणि त्याच्या उंबऱ्यावर मी. गळ्यात मापाचा टेप तसाच लोंबत होता. पायात चप्पल नव्हती.

"ही चालायला गेलीय," मी म्हणालो. "डॉक्टरांनी सांगितलंय रोज चालायला. कुठे पडली?"

"माझ्याकडे. आतल्या खोलीत. चला ना लवकर."

यावर मी काय विचारावं? कशी आहे, शुद्धीवर आहे का, हे नाही. मी विचारलं, "तुझ्याकडे कशाला आली होती?"

त्याने माझ्या हातातली कात्री काढून टेबलावर ठेवली आणि मला दंडाला धरून रस्त्यापलीकडे नेलं.

आतली खोली लहान होती. मागच्या गल्लीकडे उघडणारी एक खिडकी, खिडकीपाशी बुटकं स्टूल, स्टुलावर उशी. उशी आमच्या घरची. फाटली म्हणून टाकून दिली, असं हिने मला सांगितलं होतं. ती फाटलेली नव्हती. ही जमिनीवर आडवी होती, डोक्याखाली अस्तराच्या कापडाची घडी. बोटात शिवणाची टोपी. शेजारी एक गडद हिरवा कोट पडला होता, बायकी, आणि त्याच्या काजातून दोरा निघाला होता, दोऱ्याला सुई. मी तो कोट पाहिला. आता वाटतं, मी त्या खोलीत हिला पाहण्याआधी तो कोट पाहिला.

दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, फार त्रास झाला नसेल.

एका दुपारी मला दोन गोष्टी कळल्या. बायको गेली ही एक, आणि बायको रोज चालायला जात नव्हती ही दुसरी. पहिल्या गोष्टीसाठी लोक येऊन माझ्याजवळ बसले, पाठीवरून हात फिरवला. दुसरीसाठी कोण बसणार?

आमच्या धंद्याचं थोडं सांगायला हवं. या रस्त्यावर नवीन कपडे कोणी शिवायचे हे बाजार कार्यालय ठरवतं. परवाने मोजके. कधीकाळी कापडाची टंचाई होती तेव्हाचा नियम आहे. टंचाई गेली, नियम राहिला. माझा परवाना वडिलांकडून आलेला. भिंतीवर कार्यालयाची पाटी आहे, तिच्यावर काय शिवायचं आणि त्याचा दर काय ते लिहिलेलं: शर्ट, पँट, शाळेचा गणवेश, पुरुषांचा कोट. पाटीवर नाही ते शिवायचं नाही. मला त्याचं कधी ओझं वाटलं नाही. उलट बरंच होतं. गिऱ्हाईक घासाघीस करत नाही, शेजारी दर पाडत नाही, गणवेशाचं काम दरवर्षी ठरलेलं. लोक मला मास्तर म्हणतात. रस्त्यावर टेलर आणखीही आहेत, पण मास्तर म्हटलं की मी.

समोरच्याकडे नुसता दुरुस्तीचा परवाना होता. दुरुस्ती म्हणजे जुन्या कपड्याला नवीन भाग जोडणे, असं नियमात लिहिलंय. नवीन भाग केवढा असावा ते लिहायचं राहून गेलं. याने बरोबर तेवढ्याच फटीत बोट घातलं. लोक जुनी कॉलर घेऊन जायचे आणि त्या कॉलरला हा नवा कोरा शर्ट जोडून द्यायचा. पावतीवर 'कॉलर दुरुस्ती'. पुढे पुढे कॉलरही लागेना. एक जुनं बटण नेलं तरी चालायचं. बटण द्या, कोट न्या. त्याच्याकडच्या प्रत्येक कोटाला बाकीची बटणं एकसारखी आणि एक कुठलं तरी निराळं, घासलेलं, असं असायचं. माझा तीळपापड व्हायचा, आणि गावाला मात्र त्याची मजा वाटायची. पोरी मुद्दाम ते निराळं बटण सगळ्यात वर लावून घ्यायच्या.

रात्री जेवताना मी हिला म्हणायचो, "चोर आहे चोर. उद्या सुई घेऊन येतील आणि हा सुईला घागरा जोडून देईल."

ती हसू दाबायची. "जोडू दे की. कुणाचं काय चोरलं त्याने? ज्याला हवं त्याने शिवून घेतलं, ज्याला येतं त्याने शिवलं."

"आणि नियम?"

"नियम तुम्ही आहात ना सांभाळायला," असं म्हणून ती ताटं उचलायची.

काज हा हिचा प्रांत होता. लग्नानंतर कित्येक वर्षं माझ्या दुकानातलं प्रत्येक काज हिच्या हातचं. शेवटच्या टोकाला ती एक आडवा टाका घालायची आणि तो आत वळवायची, दिसायचा नाही, पण बोट फिरवलं की लागायचा. काज फाटायचं नाही त्याने. मी तिला म्हणालो होतो, एवढं करत बसलीस तर गणवेश पुढच्या वर्षी होतील. मग मी काजाचं मशीन आणलं. कौतुकाने आणलं, खरंच. म्हटलं, आता हिचे डोळे वाचतील. तिने मशीनवर हात फिरवला, म्हणाली, "छान आहे." आणि मग दुकानात यायचीच थांबली.

एकदा तिने विचारलं होतं, "बायकांचे कोट शिवूया का आपण? अस्तर रंगीत, काजाला ज्याला हवा तो दोरा."

मी पाटीकडे बोट दाखवलं. "बायकांचा कोट आहे का त्यात?"

"अर्ज केला तर?"

"सरकारी काम, सहा महिने थांब. आणि थांबून नाहीच म्हणणार. कशाला नाक घासायचं?"

पुन्हा तिने तो विषय काढला नाही. मला वाटलं, पटलं.

लोक भेटायला येत होते त्यात शाळेतल्या एक बाई आल्या. निळा कोट घातलेला, वरचं बटण तपकिरी, बाकीची निळी. काजाला लाल दोरा. मी बाईंच्या तोंडाकडे बघायचं सोडून काजाकडेच बघत बसलो. शेवटी त्याच म्हणाल्या, "हो, त्यांनीच केलीत. दोरा मला निवडायला लावला. मी म्हटलं निळाच बरा, तर म्हणाल्या, अहो, निळ्यावर निळं म्हणजे असून नसल्यासारखं. काय हसल्या होत्या त्या दिवशी! खूप हसायच्या नाही का?"

मी म्हणालो, "हो."

घरात ही हसू दाबायची. खूप हसायची ती समोर, आतल्या खोलीत. इतकी वर्षं मी जे दाबलेलं हसू पाहिलं, ते तिथे मोकळं मिळत होतं, आणि तेही एक बटण देऊन.

त्यानंतर मला दुसरं काही दिसेनासं झालं. सकाळी थंडी होती, लोक कोट घालून बाहेर पडत आणि मी दुकानाच्या दारात उभा राहून त्यांच्या छातीकडे बघे. पोस्टातल्या बाईच्या कोटाला पिवळी काजं. फुलं विकणारीच्या कोटाला हिरवी. प्रत्येकीच्या अंगावर माझ्या बायकोचा हात, आणि माझ्या अंगावर मशीनचं काज. आणि या सगळ्याचा मालक कोण, तर तो गळ्यात टेप लोंबवणारा. दुपारचा वेळ, खिडकीजवळची जागा, हसणं, सगळं त्याने घेतलं आणि पावतीवर लिहिलं दुरुस्ती.

मुलगी राहायला आली होती. तिला मी विचारलं, "तुला माहीत होतं?"

ती भाजी निवडत होती. "होतं."

"मला का नाही सांगितलं तिने?"

"बाबा, तुम्हाला सांगायचं म्हणजे अर्ज करायचा. आणि तुम्ही नाहीच म्हणणार. कशाला नाक घासायचं?"

हे माझंच वाक्य. म्हणजे मायलेकींनी त्यावर हसून घेतलेलं असणार. मी म्हणालो, "मी कधी तिला कोंडून ठेवलं होतं का?"

"नाही. तुम्ही फक्त पाटीकडे बोट दाखवलं."

"त्या माणसाकडे जायचं ते जायचं, तेही चोरून?"

मुलीने सुरी खाली ठेवली. "तुम्हाला काय वाटतंय ते स्पष्ट बोला बघू. आई त्याच्याकडे कामाला जात होती. काम आवडत होतं तिला. तुमचा राग तिच्या कामावर आहे की त्या माणसावर?"

मी म्हटलं, "चहा टाक." आमच्याकडे उत्तर नसलं की चहा टाकतात.

मग एक दिवस समोरचा आला. या वेळी चप्पल घालून, दारात थांबून. मी बस म्हणालो नाही, तो बसला नाही.

"दादा, कोट तसाच ठेवलाय. हात लावला नाही. सुईसुद्धा आहे तशी. तुम्ही येऊन बघाल का? मास्तर म्हणायच्या..."

"कोण मास्तर?"

त्याने जीभ चावली. "वहिनी. सवय झाली हो. त्यांना मास्तर म्हणायचो आम्ही."

या रस्त्यावर मास्तर एकच.

"आणि एक काम होतं," तो म्हणाला. "मी पूर्ण परवान्याचा अर्ज केलाय. ही कॉलरची, बटणाची थट्टा पुरे झाली, सरळ शिवावं म्हणतो. कार्यालयवाले आधी रस्त्यातल्या परवानेवाल्यांना विचारणार. तुमची हरकत नसली तर बाकीचे काही बोलणार नाहीत. वहिनी म्हणाल्या होत्या, मी बोलते त्यांच्याशी. सवड बघून बोलते म्हणाल्या. ते राहिलं."

म्हणजे माझ्याशी काय आणि कधी बोलायचं, हेही त्या खोलीत ठरत होतं.

"बघू," मी म्हणालो.

पुढच्या आठवड्यात कार्यालयाचे निरीक्षक आले. जुने ओळखीचे. माझ्याकडेच पँट शिवतात, पोट वाढलं की गुपचूप कंबर सोडून घेतात. हिच्याबद्दल दोन शब्द बोलले, डोळे पुसले, खोटे नाही पुसले. मग चहा घेतला आणि समोर बघत म्हणाले, "याचा अर्ज आलाय. तुमचं काय म्हणणं?"

"नियम काय म्हणतो?"

"नियम!" ते हसले. "नियमाकडे आम्ही कधीचे डोळे मिटून बसलोय हो. बटणाला कोट जोडतो, आम्हाला काय कळत नाही? पण तक्रार नाही, साक्षीदार नाही. गिऱ्हाईक खूश, तो खूश. मियाबीबी राजी. वरून विचारणा आली तर सांगायचं काय? मात्र एखाद्या परवानेवाल्याने लिहून दिलं की नवीन कपडा शिवताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलाय, तर आमचे हात बांधलेले. अर्ज बाद, दुकान बंद."

"मोकळं सोडून दिलं सगळं तर काय होईल?" मी विचारलं.

"मोकळं म्हणजे मोकाट. आज हा शिवेल, उद्या कोणीही शिवेल. मग तुमच्या त्या पाटीला कोण विचारणार, आणि मला?" कप खाली ठेवून त्यांनी बशीत बोट फिरवलं. "तुम्ही पाहिलंय का काही? नसेल तर नाही म्हणा, मी निघतो."

मी पाहिलं होतं. हिरवा कोट, दोरा निघालेला, सुई लोंबणारी. त्या दिवशी पाहिलेलं दुसरं काहीही मला नीट आठवत नव्हतं, कोट आठवत होता. मी म्हणालो, "पाहिलंय."

"विचार करून सांगा हं."

"केलाय."

त्यांनी लिहिलं, मी सही केली. सही करताना माझ्या डोक्यात नियम नव्हता, पाटी नव्हती, रस्त्याचं भलंबुरं नव्हतं. मला एवढंच पाहिजे होतं की ती खिडकी बंद व्हावी. आणि आणखी एक, खरं सांगायचं तर: दुकान बंद झालं की कोट माझ्याकडे येईल, असं मी धरून चाललो होतो. नवऱ्याकडे नाही येणार तर कोणाकडे?

दुसऱ्या दिवशी सकाळी कार्यालयाची माणसं आली. दाराला कुलूप, कुलपावर पट्टी, पट्टीवर लाख. मागच्या खिडकीलाही फळी ठोकली. समोरचा रस्त्यावर उभा होता, गळ्यात टेप. भांडेल, शिव्या देईल असं मला वाटलं होतं. लोक जमले होते, फुलवाली मोठ्याने म्हणाली, "कुणाच्या पोटात दुखलं एवढं?" कोणी माझ्याकडे बघितलं नाही, म्हणजे सगळ्यांना माहीत होतं.

तो रस्ता ओलांडून माझ्याकडे आला.

"माझं राहू द्या, दादा. पण आत मास्तरांचा कोट आहे."

"गिऱ्हाइकाला उशीर होईल, एवढंच ना?"

"कुठलं गिऱ्हाईक?" तो माझ्याकडे बघतच राहिला. "तुम्ही टेलर ना हो? खांदा बघितला नाही त्या कोटाचा? त्या स्वतःसाठी शिवत होत्या."

हिच्या अंगावरचे कपडे लग्नापासून घरच्या घरी मीच शिवत आलो. डावा खांदा किंचित उतरता आहे, तिकडे मी नेहमी थोडं कापड जास्त धरतो. तिचं माप लिहून ठेवावं लागत नाही मला, हातात आहे. शंभर कोटांत तो एक कोट लोंबत असता तरी मी लांबून ओळखायला हवा होता. तो माझ्या पायाशी पडला होता आणि मी ओळखला नाही, कारण मी कोट बघतच नव्हतो. तो कोणाच्या दुकानात आहे तेवढंच बघत होतो.

"हा तर नियमातला होता," तो पुढे म्हणाला. "आमच्यात मास्तरच नियमाला पक्क्या. स्वतःचा असला तरी म्हणाल्या, जुनं बटण लागणारच. घरून घेऊन आल्या. मोठं, काळं, चार भोकांचं, कडेला टवका उडालेलं."

माझ्या जुन्या काळ्या कोटाचं ते बटण. ते तुटून पडलं तेव्हा मी हिला सगळं घर शोधायला लावलं होतं. दोन दिवस चिडचिड केली होती. ती म्हणाली होती, "नाही हो सापडत. कुठे गेलं असेल कोणास ठाऊक."

मी घरी आलो, काळा कोट काढला आणि बटण होतं त्या जागी बोट ठेवून बसलो. मग कोट पिशवीत घातला आणि बाजार कार्यालयात गेलो.

खिडकीतला कारकून तरुण होता, पण थकलेला. मी म्हणालो, "तक्रार मागे घ्यायचीय."

"तक्रार तुमची होती. आता केस कार्यालयाची आहे. मागे काय घेणार?"

"मीच लिहून दिलं होतं, मीच सांगतोय नको म्हणून."

"काका, बंद करायला एक सही लागते. उघडायला समिती लागते."

"मग निदान आतला एक कोट द्या. हिरवा. माझ्या बायकोचा आहे."

"हिरवा?" त्याने कागद चाळले. "तोच तर पुरावा आहे. तुमच्याच जबानीत आहे की. 'नवीन कोट शिवला जात असताना पाहिला.' कोणी शिवला?"

"माझ्या बायकोने."

"त्यांचा परवाना?"

"नव्हता."

त्याने लेखणी खाली ठेवली, मागे वळून बघितलं आणि हळू आवाजात म्हणाला, "हे मी ऐकलं नाही. तुमच्या घरातलं माणूस विनापरवाना काम करत होतं असं लिहिलं, तर तुमचा परवाना जाईल. घरी जा. बरं वाटत नसेल तुम्हाला."

मी घरी गेलो नाही. पिशवीतून काळा कोट काढून त्याच्यासमोर ठेवला. तुटलेल्या बटणाची जागा दाखवली, दोऱ्याचं टोक तसंच होतं. म्हणालो, "त्या हिरव्या कोटाला एक काळं बटण आहे, कडेला टवका उडालेलं. ते या कोटाचं. ही बाकीची बटणं जुळवून बघा. म्हणजे बटण माझं, जुनं. मी दुरुस्तीला दिलं होतं. त्या दुकानदाराकडे जुन्या बटणाला नवीन भाग जोडला. दुरुस्तीचा परवाना आहे त्याच्याकडे."

कारकुनाचं तोंड उघडंच राहिलं. मग तो हसायला लागला, शेजारच्या टेबलावरच्याला बोलावलं. "अरे ये, ऐक हे! बटणवाल्यांचे मास्तर आलेत!" दोघं हसले. हसू दे. आयुष्यभर ज्या लबाडीला मी शिव्या दिल्या ती मी भर दुपारी, सरकारी खिडकीत उभा राहून, शपथेवर सांगत होतो. आणि सांगताना कळलं की ही लबाडी करायला धाडस लागतं. हिच्यात ते होतं. रोज दुपारी मागच्या गल्लीने जाण्याइतकं तर होतंच.

हसून झाल्यावर कारकून म्हणाला, "पण आधी लिहून दिलंय की नवीन कोट पाहिला."

"तेव्हा मी बटण बघितलं नव्हतं."

"आणि शिवला कोणी असं लिहू?"

"मी सांगितलं ते लिहा. माझ्या बायकोने."

"परवाना जाईल हो."

"लिहा."

त्याने लिहिलं. समितीपुढे ठेवतो म्हणाला. काळा कोटही ठेवून घेतला, बटणं जुळवून बघण्यासाठी.

बाहेर समोरचा पायरीवर बसला होता, त्याच्या अर्जाचं विचारायला आलेला. मी त्याच्या शेजारी बसलो. कधी ना कधी विचारायचंच होतं, ते विचारून टाकलं. "ती हसायची कशाला एवढी? तुझ्याकडे."

त्याने गळ्यातला टेप काढून हातात घेतला. मग म्हणाला, "राग नका मानू. तुमच्यावर हसायच्या."

"माझ्यावर?"

"तुम्ही कापड कापताना जीभ बाहेर काढता म्हणे. डावीकडून. त्या करून दाखवायच्या. आणि तुम्ही पाटीला नमस्कार केल्यासारखं बघता ते. रोज काहीतरी असायचं. आमच्या दुकानात तुमचंच नाव जास्त निघायचं, दादा."

लोकांना वाटेल की हे ऐकून मला बरं वाटलं असेल. नाही वाटलं. मी कापतो तेव्हा जीभ बाहेर येते हे मला माहीत नव्हतं. ती ते बघत होती, बघून खूश होत होती, आणि ती खुशी जाऊन दुसऱ्याला देत होती. माझी नक्कल करताना ती कशी दिसायची हे त्याने पाहिलंय, मी नाही. मी त्याला म्हणालो, "करून दाखव."

"काय?"

"ती कशी करायची ते."

त्याने मान हलवली. "मला नाही जमत. त्यांच्यासारखं नाही येत." आणि टेप गुंडाळत उठला.

आता तो माझ्या दुकानाच्या कडेला, पायरीवर बसतो. त्याला जागा मी दिली असं लोक म्हणतात. मी दिली नाही, तो बसला आणि मी उठ म्हणालो नाही. दुरुस्तीच करतो, खरीखुरी: फाटलेलं शिवतो, उसवलेलं टाचतो. लोक अजून बटणं घेऊन येतात आणि तो परत पाठवतो. एका पोरीने मला विचारलं, "मास्तर, तुम्ही शिवाल का बायकांचा कोट?" मी पाटीकडे बघितलं. पाटीकडे बघायची सवय एवढ्यात जाणार नाही. मग म्हणालो, "दोरा कुठला हवा ते ठरवून ये." ती परत आलेली नाही. येईल तेव्हा बघू. माझ्या परवान्याबद्दलही अजून काही कळवलेलं नाही, त्यामुळे तो आहे की गेला ते मला सांगता येत नाही.

हाताने काज करून बघितलं मी, चिंधीवर. तो शेवटचा आडवा टाका आत वळत नाही माझ्याकडून. समोरच्याला येतो का विचारलं. म्हणाला, शिकवत होत्या, अर्धवट राहिलं. म्हणजे त्याला अर्धा तरी येतो. याचंही मला वाईट वाटलं.

मुलगी फोनवर विचारते, समितीचं काय झालं. मी सांगतो, बैठक नाही अजून. निरीक्षक आता माझ्याकडे पँट सैल करायला येत नाहीत.

थंडी गेली. समोरच्या दाराला लाख तशीच आहे. हिरवा कोट आत आहे. त्याची वरची दोन काजं झाली आहेत. खालची तीन राहिली आहेत.